रॉबिन किती होते? डीसीच्या ॲनिमेटेड विश्वात काय ग्राह्य धरायचे, याविषयी एक शंका

जुना_वेताळ (धागाकर्ता)

माझी भाची यंदा नववीत गेली. सुट्टीत ती आमच्याकडे राहायला आली आणि तिने 'जस्टिस लीग अनलिमिटेड' सलग पाहून संपवली. 'एपिलॉग' हा भाग पाहिल्यावर तिने विचारले, की भविष्यात बॅटमॅन होणाऱ्या टेरीच्या आईवडिलांना मारण्यासाठी सरकारी अधिकारी अमांडा वॉलरने जिला नेमले होते ती मुखवट्यातली बाई कोण. तिची सारी कहाणी १९९३ च्या नाताळात चित्रपटगृहांत आलेल्या 'मास्क ऑफ द फँटॅझम'मध्ये आहे आणि तो चित्रपट न पाहिलेल्याला 'एपिलॉग'मधला तो प्रसंग अर्धाच कळतो, हे सांगता सांगता माझ्या लक्षात आले, की हे विश्व तिला क्रमाने दाखवायला हवे. मी स्वतः ते केबलवर जेव्हा जे लागेल तसे पाहिले; बॅटमॅनचा शत्रू जोकर याचा शेवट आधी आणि जोकरची साथीदार हार्ली हिचा पहिला प्रवेश नंतर, असा माझा उलटा प्रवास झाला.

म्हणून यादी करायला बसलो. निर्माते ब्रूस टिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या मुख्य मालिकांबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज'चे ८५ भाग, १९९६ पासूनच्या सुपरमॅनचे ५४, पुढे बदललेल्या चित्रशैलीत आलेल्या 'द न्यू बॅटमॅन ॲडव्हेंचर्स'चे २४, 'बॅटमॅन बियॉन्ड'चे ५२ आणि 'जस्टिस लीग'चे दोन्ही नावांखालचे मिळून ९१ भाग मी डोळे झाकून लिहिले.

गाडी अडली ती जेसन टॉडपाशी, म्हणजे कॉमिक्समधल्या दुसऱ्या रॉबिनपाशी. मालिकेत बॅटमॅनचा पहिला तरुण साथीदार, म्हणजे पहिला रॉबिन, डिक ग्रेसन मोठा होऊन नाइटविंग होतो आणि त्याच्यानंतर टिम ड्रेक रॉबिन होतो. मध्ये कोणी नाही. इतकेच नव्हे, तर रस्त्यावर वाढलेला, चोऱ्या करणारा मुलगा हा जेसनचा कॉमिक्समधला स्वभाव मालिकेने टिमलाच देऊन टाकला होता. असे असताना पॉल डिनी आणि ॲलन बर्नेट यांनी लिहिलेल्या 'बॅटमॅन: द ॲडव्हेंचर्स कंटिन्यू' या २०२० मध्ये सुरू झालेल्या कॉमिक्स मालिकेत, त्याच विश्वात, त्याच चित्रशैलीत, डिक आणि टिम यांच्यामध्ये जेसन होऊन गेला होता असे सांगितले आहे. लिहिणारे परके असते तर मी ते बाजूला ठेवले असते. पण हे दोघे मूळ मालिकेचेच आधारस्तंभ आहेत.

दुसरी अडचण 'रिटर्न ऑफ द जोकर'ची. २००० साली हा चित्रपट कात्री लावून बाजारात आला आणि मूळ स्वरूपात २००२ मध्ये. दोन्हींत जोकर मरतो, पण वेगवेगळ्या रीतीने. यांपैकी 'घडले' ते कोणते? थोडक्यात, कॅनन, म्हणजे या विश्वात खरोखर घडल्या असे मानायच्या कथा, ठरवण्याचे आपले माप कोणते, ते कृपया सांगावे.

निशाचर

वेताळराव, आपण विचारलेल्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि बहुतेक भांडणे ते वेगळे न केल्यामुळे होतात. मालकी असलेल्या कंपनीने कशावर शिक्का मारला आहे, हा एक. निर्माते मुलाखतींत काय म्हणाले, हा दुसरा. आणि प्रत्यक्ष कथांनी एकमेकींबद्दल काय गृहीत धरले आहे, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर विक्रीच्या सोयीनुसार बदलते आणि दुसऱ्याचे त्या दिवशीच्या मनःस्थितीनुसार. म्हणून मी फक्त तिसरा प्रश्न विचारतो: नंतरच्या एखाद्या कथेने आपला भार या कथेवर टाकला आहे का? ही कथा काढून घेतली, तर पुढची कोसळते का?

'स्टॅटिक शॉक'चे उदाहरण घ्या, कारण या मापाची खरी परीक्षा तिथे होते. २००० साली सुरू झालेली ही मालिका मुळात या विश्वाचा भाग म्हणून आखलेली नव्हती. पहिल्या पर्वात तर तिचा नायक व्हर्जिल, म्हणजेच स्टॅटिक, सुपरमॅनविषयी असे बोलतो, की तो त्याच्या जगात गोष्टीतलाच कोणीतरी असावा. मग दुसऱ्या पर्वात बॅटमॅन आणि रॉबिन त्याच्या शहरात येतात, पुढे सुपरमॅन येतो, जस्टिस लीग येते, आणि व्हर्जिल भविष्यात जाऊन टेरीलाही भेटतो. तरीही एवढ्यावर मी तिला आत घेतले नसते, कारण पाहुणे कोणाच्याही घरी येतात. निर्णायक गोष्ट २००५ साली घडली. 'द वन्स अँड फ्यूचर थिंग'च्या उत्तरार्धात जस्टिस लीगचे लोक भविष्यात पोहोचतात तेव्हा तिथे टेरीच्या बाजूने लढणारा प्रौढ स्टॅटिक उभा असतो. मुख्य मालिकेने त्याच्यावर भार टाकला. तो आत आला. पहिल्या पर्वातले ते वाक्य आता चूक म्हणून राहिले आहे, राहू द्यावे.

या विश्वात चुका सांभाळून घेण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. सुपरमॅनच्या मालिकेत १९९८ मध्ये काइल रेनरला ग्रीन लँटर्नची अंगठी मिळाली आणि तीन वर्षांनी जस्टिस लीगमध्ये पाहतो तर लँटर्न म्हणून जॉन स्टुअर्ट. काइलला गाळून टाकता आले असते. त्याऐवजी तो ओआ ग्रहावर प्रशिक्षण घेत आहे, असे एका संवादात सांगून टाकले आहे. एका वाक्याचे ठिगळ, पण त्यामुळे जुना भाग शाबूत राहिला.

याच मापाने 'मास्क ऑफ द फँटॅझम' आत आहे, कारण आपल्या भाचीचा प्रश्नच त्याचा पुरावा आहे. 'द झीटा प्रोजेक्ट' आत आहे, कारण तो रोबो 'बियॉन्ड'मधूनच निघाला आणि त्याच मालिकेत परत आला. २००३ चा 'मिस्टरी ऑफ द बॅटवुमन' कोणाच्या आड येत नाही आणि कोणाला आधारही देत नाही. तो ओसरीवर बसलेला बरा. आणि जेसन टॉड बाहेर आहे. पडद्यावरची एकही कथा त्याच्यावर उभी नाही.

पिंपळपान

निशाचर यांचे माप मला फार कोरडे वाटते. माझ्यासारख्या प्रेक्षकासाठी केव्हिन कॉनरॉय यांचा आवाज हाच बॅटमॅन आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते गेले, तेव्हा मला ज्या पात्राविषयी वाईट वाटले ते याच विश्वातले होते. २०१९ च्या 'जस्टिस लीग व्हर्सेस द फेटल फाइव्ह'मध्ये कॉनरॉय आहेत, वंडर वुमनसाठी सुझन आयझेनबर्ग आहेत, सुपरमॅनसाठी जॉर्ज न्यूबर्न आहेत आणि चित्रे जुन्या वळणाची आहेत. एवढे सगळे जमून आल्यावर ते दुसरेच विश्व आहे असे म्हणणे, म्हणजे आवाज ऐकून दार उघडायचे आणि मग ओळखपत्र मागायचे.

निशाचर

ओळखपत्र मागावेच लागते. हाच आवाज २००९ च्या 'अर्कहम असायलम' या गेममध्ये आहे, समोर मार्क हॅमिल यांचा जोकर आहे आणि कथालेखक पुन्हा पॉल डिनीच आहेत; तरी ते वेगळे विश्व आहे याबद्दल कोणाचा वाद नाही. २०१६ च्या 'द किलिंग जोक'मध्येही हीच जोडी आहे. जस्टिस लीगमधल्या फ्लॅशला आवाज देणारे मायकेल रोझेनबॉम यांनी 'टीन टायटन्स'मध्ये किड फ्लॅशलाही आवाज दिला आणि तेवढ्यावरून 'टीन टायटन्स' या विश्वात ओढण्याचा खटाटोप चाहत्यांनी पुष्कळ केला. उलट सुपरमॅनचा आवाज मूळ मालिकेत टिम डेली यांचा होता आणि जस्टिस लीगमध्ये न्यूबर्न यांचा, म्हणून तो दुसरा सुपरमॅन आहे असे आपणही म्हणणार नाही. 'फेटल फाइव्ह' मला आवडतो आणि तो आत असावा असे मलाही वाटते. पण वाटणे वेगळे.

मैत्रेयी_वाचते

निशाचर यांचे माप नेटके आहे, पण त्यात एक गोष्ट गुपचूप गृहीत धरली आहे: पडदा वरचा आणि छापील पान खालचे. या विश्वाच्या बाबतीत हे खरे नाही. हार्ली आणि जोकर यांची गोष्ट सांगणारे 'मॅड लव्ह' हे डिनी आणि ब्रूस टिम यांनी १९९४ साली प्रथम कॉमिक्स म्हणून काढले. ते पडद्यावर आले १९९९ मध्ये. मग मधली पाच वर्षे हार्लीचे पूर्वायुष्य काय होते? आपल्या मापाप्रमाणे ती पाच वर्षे ते 'बाहेर' होते आणि एका शनिवारी सकाळी 'आत' आले. असे मानण्यात तर्कदोष नाही, पण वाचकाच्या अनुभवाशी त्याचा मेळ बसत नाही. आणि ही वाहतूक दोन्ही बाजूंनी चालू होती. हार्ली १९९२ मध्ये मालिकेसाठीच जन्मली आणि १९९९ मध्ये डीसीच्या मुख्य कॉमिक्समध्ये गेली. खलनायक मिस्टर फ्रीझची आजारी पत्नी नोरा मालिकेने निर्माण केली आणि मग कॉमिक्सने ती आपलीच असल्यासारखी वापरली.

आपल्याकडे या प्रश्नाला जुना शब्द आहे, 'प्रक्षिप्त'. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवले, की यापुढे जो कोणी या ग्रंथात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे. नंतर आलेल्या प्रत्येक कॉमिक्सकडे पाहून माझ्या मनात प्रथम तेच येते. २०१४ च्या 'बॅटमॅन बियॉन्ड २.०'मध्ये ब्रूस (मूळ बॅटमॅन) आणि बार्बरा (पूर्वीची बॅटगर्ल) यांच्या जुन्या संबंधांना गर्भारपणाची जी कथा जोडली, ती वाचताना तर नरोटीचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

पण जेसनच्या बाबतीत ही उपमा अडते. एकनाथ तीनशे वर्षांनंतर, मूळ कर्ता नसताना, इतरांची भर काढून टाकत होते. इथे ओवी घालणारे डिनी आणि बर्नेट म्हणजे मूळ कर्तेच आहेत. (तुलनेबद्दल ज्ञानेश्वरभक्तांनी क्षमा करावी.) कर्ता स्वतः परत आला आणि म्हणाला, की मधली एक ओवी राहून गेली होती, तर त्याला आपण कोणत्या अधिकाराने अडवणार? म्हणून माझ्या मते जेसन आत आहे. मला ते आवडत नाही, ही वेगळी गोष्ट.

अधोक्षज

मैत्रेयीताईंच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देता येते. अधिकार कर्त्याच्याच पहिल्या कृतीने दिलेला आहे.

'रिटर्न ऑफ द जोकर'ची पटकथा डिनी यांचीच आहे. त्यात वृद्ध कमिशनर बार्बरा टेरीला एक गोष्ट सांगते, जी ब्रूसने आयुष्यभर कोणाजवळ उच्चारलेली नाही: जोकरने टिमला पळवले, आठवडेच्या आठवडे छळले आणि त्याला आपल्यासारखे करून टाकले. त्या कथनाचा सारा परिणाम एका गोष्टीवर अवलंबून आहे, की असे पूर्वी कधी घडले नव्हते. ब्रूस बेसावध होता, मुलाला रात्री एकट्याला फिरू देत होता, आणि त्याची ही किंमत पडली. त्यानंतर त्याने टिमला पुन्हा रॉबिन होऊ दिले नाही.

आता त्या आधी जेसन घाला, जो रॉबिन होता आणि जोकरच्याच हाती सापडला होता. मग ब्रूसने दुसऱ्या मुलाला तोच पोशाख दिला कसा? दिलाच, तर त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा का ठेवला नाही? आणि सगळे सांगून टाकायला बसलेली बार्बरा नेमके तेवढेच का गाळते? हा नुसता तपशिलाचा घोळ असता, तर काइल रेनरसारखे एक ठिगळ पुरले असते. इथे ब्रूसचा गुन्हाच बदलतो. पहिला ब्रूस निष्काळजी होता, दुसरा अक्षम्य आहे.

मुख्य कॉमिक्समध्ये जेसनच्या मृत्यूनंतर टिम रॉबिन झाला आणि तिथे हा प्रश्न टाळला नाही. पुन्हा रॉबिन असावा की नाही, यावर ब्रूस अडून बसतो आणि त्यावर कथाच लिहिली गेली. (जेसनचे ते मरण म्हणजे कॅननच्या इतिहासातला सर्वांत विलक्षण प्रसंग. १९८८ साली वाचकांना दूरध्वनीवरून कौल द्यायला सांगितले. त्याला मारावे म्हणणारे ५३४३ आणि वाचवावे म्हणणारे ५२७१. बहात्तर फोनांनी एक मुलगा मेला. ज्यांना कॅनन हे आकाशातून उतरते असे वाटते, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.) ॲनिमेटेड विश्वाने तो सगळा भाग मुद्दाम टाळून टिमलाच दोघांचे दुःख दिले होते. ती निवड होती, राहून गेलेली ओवी नव्हती.

चित्रपटाच्या दोन प्रतींविषयी मात्र मला शंका नाही. एप्रिल १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाल्यानंतर अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांतल्या हिंसेवर इतकी टीका होऊ लागली, की तयार चित्रपटातली दृश्ये बदलावी लागली. कापलेल्या प्रतीत टिम जोकरला ढकलतो आणि जोकर तारांत अडकून विजेच्या धक्क्याने मरतो; मूळ प्रतीत टिम त्याच्यावर बंदूक चालवतो. पुढे टिमच्या मनात जे शिल्लक राहिले आहे ते अपघाताने समजत नाही, गोळी झाडल्यानेच समजते. २००२ ची प्रत ग्राह्य धरावी. नववीतल्या मुलीला ती दाखवावी की नाही, हे मामाने ठरवावे.

मैत्रेयी_वाचते

अधोक्षज, ब्रूसच्या अपराधाचे स्वरूप बदलते हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. तो मी त्या बाजूने पाहिला नव्हता. पण यातून निघते ते इतकेच, की डिनी यांची नंतरची कृती त्यांच्या आधीच्या कृतीला मारक आहे. लेखक स्वतःचे बिघडवू शकतो. बिघडवलेले लेखन त्याचे नव्हे, असे म्हणता येत नाही.

आणि तुमच्या सगळ्यांच्या मापांना २०२४ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'च्या तिसऱ्या भागाचे काय करायचे, तेही सांगा. त्यात कॉनरॉय यांच्या आवाजातला हा जुना बॅटमॅन हॅमिल यांच्या जोकरशी झुंजताना दिसतो आणि काही क्षणांत त्यांचे जगच पुसले जाते. हा पडदा आहे, मूळ आवाज आहे, कंपनीचा शिक्का आहे. मग टेरीचा जन्म झालाच नाही म्हणायचे का?

निशाचर

नाही. तो चित्रपट २०२० पासून चाललेल्या दुसऱ्याच मालिकेचा शेवट होता आणि त्याने आपल्या संहारासाठी शेजारच्या घरांतली भांडीही फोडली. भार टाकण्याचा नियम एकाच घरात लागू होतो. या घरातली पुढची कोणतीही कथा त्या संहारावर उभी नाही आणि 'बियॉन्ड'चे ५२ भाग त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. कॉनरॉय यांना दिलेला निरोप म्हणून मी ते दृश्य दोनदा पाहिले. यादीत घालणार नाही.

'मॅड लव्ह'च्या मुद्द्यावर मात्र मी माघार घेतो. पडदा वरचा, असे मी न सांगता धरून चाललो होतो, हे खरे.

जुना_वेताळ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. अधोक्षज यांचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवला. तिने मूळ प्रत पाहिली (तिच्या आईला विचारून), नंतर हट्टाने जेसनची कॉमिक्सही वाचली, आणि तिचे म्हणणे असे पडले, की जेसनची गोष्ट तिला आवडली पण टिमचा चित्रपट पाहताना ती एकदाही आठवली नाही. 'स्टॅटिक शॉक' यादीत आली, 'क्रायसिस' आली नाही, 'फेटल फाइव्ह' शेवटी पिंपळपान यांच्या सन्मानार्थ ठेवला आहे.

आता एकच अडले आहे. मिस्टर फ्रीझचा 'सबझीरो' १९९८ चा आहे आणि 'कोल्ड कम्फर्ट' हा भाग १९९७ चा. प्रदर्शनाच्या क्रमाने दाखवला, तर नोराचा धागा तुटतो असे वाटते. आधी काय दाखवावे?

अधोक्षज

'सबझीरो' आधी. तो प्रदर्शित नंतर झाला असला, तरी त्याची चित्रे आणि कथा जुन्या मालिकेच्या काळातली आहेत. त्यात डिक अजून रॉबिन आहे. 'हार्ट ऑफ आइस', मग नोरा जिवंत असल्याचे कळते तो 'डीप फ्रीझ', मग 'सबझीरो', त्यानंतर 'कोल्ड कम्फर्ट', आणि 'बियॉन्ड'मधला 'मेल्टडाउन' सर्वांत शेवटी. शेवटचे दोन एकाच दिवशी दाखवू नका.